मागच्यांना ऐकू येत नाही

मुकादमाला रडता येतं, हे त्याच्या लेकीला कळायला तो म्हातारा व्हावा लागला. आणि कळलं तेही घरात नव्हे, चारचौघांत, तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यात उभं राहून.

लेकीला सगळे बांधबाई म्हणत. हे नाव तिनं कमावलं होतं. दलदलीच्या जंगलाचा सगळा जीव पाण्यात. तिथली जमीन ही जमीन नव्हेच. पिढ्यान्‌पिढ्यांची पानं, फांद्या, खोडं काळ्या पाण्यात पडून, धड न कुजता, एकावर एक साठलेली. पाणी आहे तोवर त्यावर झाडं उभी. पाणी उतरलं की तोच थर वाळतो आणि ठिणगी पडली तर वरून कुणाला पत्ता न लागता आतल्या आत धुमसत राहतो. पूर्वी लाकूडतोड्यांच्या टोळ्यांनी ओंडके वाहून न्यायला जंगलात लांबच लांब चर खणले होते. टोळ्या गेल्या, चर राहिले, आणि फुटक्या हंड्यातून गळावं तसं जंगलाचं पाणी त्यांतून गळत राहिलं. चरांत ओंडक्यांच्या दुहेरी भिंती घालून बांध बांधायचे, मध्ये चिखलाची पोती दडपायची, पातळी मोजायला पाण्यात रोवलेल्या पट्ट्या पाहायच्या, उघड्या पडलेल्या जागी रोपं लावायची, हे तिचं काम. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती मजुरांवर ओरडे. जळवासुद्धा बाईंना बिचकून असतात, असं मजूर म्हणत, आणि ते अगदीच खोटं नसावं.

एक काम मात्र तिला जमत नव्हतं. पाहुणे. जंगल राखणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी तिथून फळ्यांची वाट बांधून घेतली होती. लोकांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना कळवळा येत नाही, असं साहेबांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. पण बांधबाई पाण्याच्या पातळीवर बोलायला लागली की पाहुणे डास मारायला लागत. एकदा एकानं तिला मध्येच थांबवून विचारलं, "बाई, इथं बघण्यासारखं नेमकं काय आहे?" समोर सबंध जंगल उभं होतं.

अशात मुकादम परत आला. हेच जंगल कापणाऱ्या टोळीचा तो मुकादम. त्याच्या शिट्टीशिवाय इथं करवत हलत नसे आणि जंगलातला सगळ्यात मोठा चर त्यानंच खणवून घेतला होता. तोडीवर बंदी आल्यावर तो दुसरीकडं कापायला गेला, तिथंही बंदी आली तेव्हा तिसरीकडं, आणि शेवटी गुडघे गेल्यावर एक पिशवी आणि पोत्यात गुंडाळलेली गंजकी करवत घेऊन लेकीच्या दारात उभा राहिला. तोंडावर ओशाळेपणाचा लवलेश नाही. जणू सकाळी कामावर गेला होता आणि संध्याकाळी आला.

"बाप आहे," मावशी म्हणाली. "आता कुठं टाकतेस त्याला?"

"त्यांनी आईला कुठं टाकलं ते विसरलीस वाटतं," बांधबाई म्हणाली.

मावशी चुलीकडं वळली. ती आईची धाकटी बहीण. बांधबाईला तिनंच वाढवलं होतं आणि आता जंगलाच्या दाराशी असलेल्या केंद्रात मजुरांचा, पाहुण्यांचा स्वयंपाक सांभाळत होती. ती विसरलेली नव्हती. विसरण्यासारखं नव्हतंच ते.

टोळी तेव्हा चराच्या काठी, खांबांवर बांधलेल्या झोपड्यांत राहायची. आई दुसऱ्यांदा गरोदर. एका सकाळी लेकीच्या वेण्या घालायला बसली. एक वेणी झाली, दुसरीचे तीन पेड हातात घेतले आणि कळ आली. दिवस भरले नव्हते. बाहेर जायला चराखेरीज वाट नव्हती, आणि चर तोंडापर्यंत ओंडक्यांनी भरलेला. पाणी चढलेलं, वर्षभराची तोड दोरांनी बांधून तराफे सोडलेले. होडी पुढं काढायची तर दोर कापून तराफे फोडायला हवे होते, आणि त्या लिबलिबीत चिखलात विखुरलेला ओंडका म्हणजे गेलेला ओंडका. मुकादमाच्या कमरेला कोयता होता. त्यानं दोर कापले नाहीत. बायकोला उचलून लहान होडीत ठेवलं, होडी शेवटच्या तराफ्याला मागून बांधली आणि आत बसला. बैलगाडीमागं बांधलेल्या वासरासारखी होडी ओंडक्यांच्या चालीनं निघाली. लेक आणि मावशी ती वळणाआड जाईपर्यंत बघत उभ्या होत्या.

लाकूड पोचलं. आई पोचली नाही. बाळही नाही.

लेकीनं पुढं कितीतरी दिवस मावशीला दुसऱ्या वेणीला हात लावू दिला नाही. केसांचा गुंता होऊन जटा झाल्या तेव्हा कात्री लावावी लागली. तेव्हापासून बांधबाईचे केस बारीकच असत.

होडीत काय झालं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. आई काही बोलली का, कुणाला हाक मारली का, जाताना रागावली होती का. ना बांधबाईनं कधी विचारलं, ना मुकादमानं सांगितलं. तिला बापाकडून दुसरं काही नको होतं. दोर कापायला हवे होते, एवढं त्यानं एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणावं आणि आई काय बोलली ते सांगावं. त्यासाठीच तिनं त्याला ठेवून घेतलं. पण सरळ विचारेल तर ती मुकादमाची लेक कसली!

"राहा," ती म्हणाली. "पण फुकट नाही. रोज पाहुणे येतात. त्यांच्यापुढं उभं राहून तुम्ही या जंगलाचं काय केलंत ते सांगायचं आणि माफी मागायची."

"कुणाची?"

"झाडांची."

मुकादम हसला. "झाडांना कान असतात होय?"

"पाहुण्यांना असतात."

आई सोडून आधी झाडांची माफी का, असं कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की म्हाताऱ्याची मान आधी वाकायची सवय व्हायला हवी. वाकलेली मान मग पुढचंही बोलते. हिशोब चोख होता. माणूस मात्र मुकादम होता.

पहिले दिवस तिला फार गोड गेले. फळ्यांच्या वाटेवर एका अवाढव्य बुंध्यापाशी तो उभा राही. तो बुंधा त्याच्याच करवतीनं मागं ठेवलेला. पायांशी बघत तो पुटपुटे, "मी इथली झाडं कापली. चूक झाली. माफी असावी." बांधबाई घोळक्याच्या मागं उभी राहून म्हणे, "मोठ्यानं, बाबा. मागच्यांना ऐकू येत नाही." तो पुन्हा म्हणे. "अजून मोठ्यानं." मागं तिच्याशिवाय कुणी नसे. म्हाताऱ्याचे कान लाल होत आणि तिला त्या दिवशी जेवण गोड लागे. बरं नव्हे हे, असं मावशी म्हणाली. बरं नव्हतंच. पण बांधबाईला बरं वाटत होतं.

मग एक दिवस घोळक्यातल्या एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुढं झाली आणि मुकादमाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "आजोबा, असं म्हणायला केवढं मोठं मन लागतं!" मुकादमानं तिच्याकडं पाहिलं. आयुष्यभर लोक त्याला भ्यायले होते, लोकांनी शिव्या दिल्या होत्या, पण हात कुणी धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुटपुटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बोलताना टोपी काढली.

तिथून जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. टोपी झाली, मग बुंध्यावर हात ठेवणं झालं. मग आवाज मध्येच अडकायला लागला, बरोबर तिथंच, रोज. मग गुडघे टेकणं झालं, आणि उठताना दोन पाहुण्यांनी धरून उठवणं. एका सकाळी त्यानं पोत्यातली करवत आणली, दात पाहुण्यांकडं करून धरली आणि म्हणाला, "हिला पुसतो तेव्हा अजून हाताला चीक लागतो." त्या करवतीला वर्षानुवर्षं गंजाशिवाय काही लागलं नव्हतं. आणि मग डोळ्यांतून पाणी. खरंखुरं, सुरकुत्यांतून वाट काढत हनुवटीपर्यंत येणारं. पाहुणे हमसून रडले. बांधबाई मागं उभी होती. दगडाला पाझर फुटला असं लोकांना वाटलं. तिला दगड ठाऊक होता.

साहेब खूश. दारावरच्या फलकावर झाडांच्या जागी मुकादमाचा चेहरा आला. पाहुणे वाढले, देणग्या आल्या, दोन नवे बांध त्या पैशांतून उभे राहिले, हेही खरं. बांधबाई पाण्याबद्दल बोलायला लागली की आता पाहुणे डास मारत नसत. ते घाई करत. "आजोबा कुठं भेटतील?" ज्यानं जंगल कापलं त्याच्या गळ्यात लोक पडत होते आणि जिनं ते जगवलं तिला स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारत होते. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

ती हात धुऊन त्याच्या मागं लागली. बुंध्यापाशी त्याच्यासाठी ठेवलेली खुर्ची तिनं काढून घेतली. तर तो थरथरत उभा राहून बोलला आणि ते जास्तच चाललं. तिनं त्याची जागा बदलून डासांच्या तोंडी दिली. तो डास अंगावर बसू देई आणि म्हणे, "खाऊ दे. मी यांचं घर मोडलंय." शेवटी तिनं त्याच्या चहातली साखर बंद करायला लावली.

"अगं, साखरेनं काय होणार आहे?" मावशी म्हणाली. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्याचाही नाही आणि तुझाही नाही."

आणि मग ती पाहुणीण आली. निळी टोपी घातलेली, तिशीची, नाक पुसत बांधबाईकडं आलेली. "तुम्ही त्यांची मुलगी ना? किती नशीबवान आहात. एवढ्या हळव्या मनाचा बाप कुणाला मिळतो?"

बांधबाईच्या डोक्यातली कुठली तरी पट्टी बुडाली. "आज अजून एक जागा दाखवायची आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "चला सगळे. बाबा, तुम्हीही चला."

तिनं सगळ्यांना वाटेच्या टोकाला नेलं, मोठ्या चराच्या बांधावर. तिच्या हातचा हा पहिला बांध. नोकरी लागल्यावर ती इथंच आधी आली होती. लोकांना वाटे, चर मोठा म्हणून. काळं पाणी बांधाला टेकून स्वस्थ उभं होतं आणि पलीकडं ते वळण दिसत होतं. मावशी पाण्याच्या बाटल्या घेऊन मागून आली आणि कुठं आलो ते कळताच थबकली.

"बाबा," बांधबाई म्हणाली, "झाडांचं झालं. आता आई कशी गेली ते सांगा. यांना सांगा."

मुकादमाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. त्यानं टोपीकडं हात नेला आणि तसाच खाली घेतला. चेहऱ्यावरचं सगळं गळून पडलं होतं आणि खाली एक नुसता म्हातारा होता. धरला, बांधबाईला वाटलं. एवढी वर्षं गेली, पण धरला.

त्यानं वळणाकडं पाहिलं. मग बोलला, हळू, रोजच्यासारखं न अडकता. "दोर कापले असते तर वाट झाली असती. कोयता कमरेला होता. मी कापले नाहीत."

मावशीनं तोंडाला पदर लावला.

"होडी मागं बांधली. तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिला कळलं होतं. मला काही बोल लावला नाही तिनं. एवढंच म्हणाली, पोरीची एक वेणी राहिलीय. तुम्हाला जमेल का घालायला?" त्यानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. "मला काही जमली नाही."

बांधबाईचा हात आपोआप आपल्या बारीक केसांकडं गेला. मग ती रडली. पाहुण्यांसमोर, मावशीसमोर, तोंड न झाकता, लहान पोर रडतं तशी. इतकी वर्षं आईनं जाताना आपल्याला हाक मारली की नाही या एका प्रश्नावर ती निजली आणि उठली होती. आईनं हाक मारली होती. आईला वेणी आठवली होती. निळ्या टोपीवालीनं तिला जवळ घेतलं आणि बांधबाईनं घेऊ दिलं.

संध्याकाळी तिनं स्वतः चहा केला, दोन चमचे साखर घातली आणि बापाच्या खोलीत गेली. मुकादम खाटेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. तिला बघून सरकला, बसायला जागा केली.

"ये. मधे जरा लांबलं का गं?"

"काय लांबलं?"

"आजचं. सुरुवातीला मला काही सुचेना, एकदम विचारलंस. पण वेणीला गार पडले सगळे. ती टोपीवाली तर हुंदके द्यायला लागली. तू रडलीस तेही बरं झालं."

बांधबाईनं कप खाली ठेवला. "बाबा, आई खरंच तसं म्हणाली?"

"कसं?"

"वेणीचं."

"ते होय! ते मावशीनं सांगितलं होतं मला, परवा भाजी निवडताना. तू म्हणे तिला हातच लावू दिला नाहीस. म्हटलं, कधीतरी उपयोगी पडेल."

"मग आई काय म्हणाली?"

"कुणास ठाऊक." त्यानं कप उचलला. "मी वळणापर्यंत होतो होडीत. वळणावर पुढचे ओंडके तटले. मग ओंडके ढकलायची लगी घेऊन तराफ्यांवरून पुढं गेलो, ते शेवटपर्यंत पुढंच."

"आणि आई?"

"होती की मागं. होडीत."

"एकटी?"

"मग काय, ओंडके आपापले जातात?" तो जरा वैतागला. अडाण्याला काम समजावून सांगताना मुकादम वैतागतो तेवढाच. "हाका मारत असेल. पण लाकडावर लाकूड आपटतं तेव्हा आवाज केवढा असतो माहितीये? मागचं काही ऐकू येत नाही. लाकूड उतरवायच्या धक्क्याला लागलो तेव्हा जाऊन पाहिलं, तर झालेलं." त्यानं घोट घेतला आणि चेहरा खुलला. "साखर आहे आज! बरं, उद्यापासून बांधावरच घ्यायचं ना? बुंध्याला आता पहिली मजा राहिली नाही."

त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. असता तर तिनं तो कप त्याच्या तोंडावर फेकला असता. ती नुसती उठली आणि बाहेर आली.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मावशी वाट बघत उभी होती. डोळे सुजलेले. "काय म्हणाला गं? अजून काही सांगितलं? मी जायला हवं होतं तिच्याबरोबर. पण होडी एवढीशी आणि तू पायाला मिठी मारून बसलेली."

बांधबाईनं मावशीकडं पाहिलं. एक वाक्य बोललं की पुरे होतं. ते तिच्या जिभेवर होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "मांडीवर डोकं होतं म्हणाले. त्रास झाला नाही फार."

"मला वाटतच होतं," मावशी म्हणाली आणि कितीतरी वर्षांनी पाटावर नीट टेकून बसली. "वाईट असला तरी नवराच होता शेवटी."

दुसऱ्या दिवशी बांधबाईनं पाहुण्यांना बुंध्यापाशी थांबवलं नाही, थेट बांधावर नेलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. साहेबांनी वाट तिथवर रुंद करून दिली. मुकादम टोपी काढी, वळणाकडं बघे, कोयता सांगे, मांडी सांगे, वेणी सांगे. हळूहळू आवाज योग्य जागी अडकायला लागला. खुर्ची परत आली, साखरही. घोळक्याच्या मागं उभी राहून बांधबाई शेवटच्या शब्दापर्यंत ऐके आणि मगच पाण्याच्या पट्ट्या बघायला जाई. हे खोटं आहे हे तिला माहीत होतं. पण जे खरं होतं त्यात आई त्या होडीत एकटी होती, आणि खोट्यात नव्हती.

पुढं मुकादमाचं डोकं चळायला लागलं. एका सकाळी तो कोयत्यापर्यंत आला, "मी दोर कापले नाहीत" म्हणाला, आणि हात जोडून थांबला. पाहुणे तेवढ्यावरही रडले. डोळे पुसत परत निघाले.

"वेणी राहिली, बाबा," मागून बांधबाई म्हणाली.

म्हातारा भांबावून बघायला लागला. "कसली वेणी?"

"पोरीची. आई म्हणाली ना, मांडीवर." पाहुणे थांबून तिच्याकडं बघत होते. तिचा आवाज चढला. "सांगा. मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

मागं ती एकटीच उभी होती.